तपासणाऱ्याचा रकाना

त्या वर्षी मी नेमकी काय करत होते, हे मला आजही धड सांगता येत नाही. बी.एस्सी. होऊन गेलं होतं, पुढे काय ते ठरत नव्हतं, आणि अवधपुरीच्या आमच्या घरात मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत कॉम्प्युटरसमोर बसलेली असायचे. कुणी आलं-गेलं की आई सांगायची, "अनू कॉम्प्युटरचं काही करून राहिली आहे." त्यातला 'काही' ती अशा सुरात म्हणायची की पाहुणा पुढे विचारायचाच नाही, पोह्यांवर शेव घालून घ्यायचा आणि दुसरं बोलायचा. आई ग्वाल्हेरची. तिच्या मराठीत हिंदी कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते तिलाही कळत नसे. बाबा सांगलीचे, नोकरीने भोपाळला आले ते इथलेच झाले, पण भाषा त्यांनी कडी लावून ठेवल्यासारखी सांभाळली. "करून राहिली म्हणजे काय गं? करते आहे म्हण," असं ते आईला लग्नापासून सांगत आले होते, आणि आई लग्नापासून "हां हां, तेच" म्हणत आली होती. त्या वर्षी मात्र बाबांनी तिला टोकायचंही बंद केलं होतं. घरात ते असायचे, पण ऐकू यायचे नाहीत.

बाबा जवळच्या मोठ्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. इंजिनियर तोंडी सांगणार, कामगार लोखंड कापणार, आणि मधे बाबा बसून ते सगळं कागदावर रेषांत आणून ठेवणार. अठ्ठावीस वर्षं त्यांनी हेच केलं. मग ड्रॉइंग ऑफिसात कॉम्प्युटर आले, ड्रॉइंगचे उभे तिरपे बोर्ड एकेक करून निघाले, आणि बाबांनीही वेळेआधी निवृत्ती घेतली. भंगारात निघालेला आपला बोर्ड ते टेम्पोत घालून घरी घेऊन आले. बैठकीच्या खोलीत खिडकीपाशी तो उभा राहिला, त्यावर एक रेष ओढली गेली नाही, आणि महिन्याभरात आईने त्यावर इस्त्रीचे कपडे टाकायला सुरुवात केली. कारखान्याचा भोंगा आमच्या घरापर्यंत ऐकू यायचा. पहिला भोंगा झाला की बाबा उठून दाढी करायचे, भांग पाडायचे, शर्टाच्या खिशाला पेन लावायचे आणि खुर्चीत बसायचे. इतकं टापटीप होऊन माणूस कुठेच जात नाही हे बघणं मला सहन व्हायचं नाही, म्हणून मी स्क्रीनकडे बघत राहायचे.

इथे एक जुनी गोष्ट सांगून टाकते, कारण पुढे तिची गरज पडणार आहे. शाळेत आमच्या वह्या-पुस्तकांना कव्हरं असायची ती बाबांच्या ऑफिसातल्या रद्द प्रिंटांची. जाड कागद, जांभळट रेषा, आणि नाक चुरचुरेल असा अमोनियाचा वास. वर्गात सगळ्यांची कव्हरं खाकी, माझ्या भूगोलावर मात्र कुठल्याशा टर्बाइनचा अर्धा भाग. त्या प्रिंटांवर पिवळ्या आणि लाल पेन्सिलींनी गिरवलेलं असायचं. बाबांच्या ऑफिसात मिश्राजी म्हणून एक होते, ते हे रंगकाम करतात एवढं मला ठाऊक होतं. मोठा माणूस, ऑफिसात बसून चित्रं रंगवतो, आणि त्याबद्दल त्याला कुणी रागावत नाही, याचा मला हेवा वाटायचा. पुढे कधी मी त्याचा अर्थ विचारला नाही. घरातल्या कितीतरी गोष्टी आपण अशाच न विचारता सोडून देतो.

तर माझं ते 'काही'. कॉलेजातल्या एका मैत्रिणीने मला एक सीडी दिली होती. तिच्यात चित्रं काढायचा एक प्रोग्राम होता. कुणीही घ्यावा, वापरावा, आतून उघडून बदलावा, आणि तो तयार करणारे लोक जगभर पसरलेले, आपापल्या घरी बसून, आपल्या खुशीने काम करणारे. मी त्यात रांगोळ्या काढल्या, मैत्रिणींच्या नावाच्या पाट्या काढल्या आणि प्रेमातच पडले. मग त्यांच्या वेबसाइटवर एक पान दिसलं : तुम्ही कशी मदत करू शकता. प्रोग्रामिंग येत नसेल तरी चालेल, असं ठळक लिहिलं होतं. चुका शोधा आणि कळवा. नवीन आवृत्ती वापरून बघा. नवख्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्या. कसं वापरायचं ते लिहा. तुमच्या भाषेत आणा. नमुन्याची चित्रं काढून द्या. मी ते पान तीनदा वाचलं आणि दरवेळी जास्तच गोंधळले. अर्ज कुठे करायचा ते नव्हतं. शेवटची तारीख नव्हती. पात्रता नव्हती. फोटो किती, कुणाच्या सहीचा दाखला, काही म्हणजे काही नव्हतं. टी. टी. नगरच्या सरकारी ऑफिसांच्या खिडक्यांपुढे वाढलेली मुलगी मी, फॉर्मशिवाय आत शिरायचं तरी कसं?

शेवटी मी माझ्याच मनाने अर्ज लिहिला. आदरणीय महोदय, मी अमुक, माझे शिक्षण तमुक, मला कोणतेही काम देण्यात यावे, मी आपली आभारी राहीन. दोन दिवसांनी उत्तर आलं, दोनच ओळींचं. स्वागत आहे, तुला जे आवडेल ते घे आणि सुरू कर. मी ते आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, "म्हणजे टाळलं तुला. सीधा नाही म्हणायला जीवावर आलं असेल." मलाही तसंच वाटलं. काम द्यायचं असतं तर काम सांगितलं असतं ना! आवडेल ते घे, हे काय उत्तर झालं? मी पंधरा दिवस काहीच केलं नाही, खरं पत्र मागाहून येईल म्हणून वाट बघत बसले. खुर्चीतून बाबांनी त्या दिवसांतला एकमेव प्रश्न विचारला, "तुमचा साहेब कोण?" मी म्हटलं, "बाबा, साहेबच नाहीये कुणी." ते म्हणाले, "मग चालतं कसं?" आज माझी पन्नाशी जवळ आली, अशा कामांत माझी निम्मी हयात गेली, आणि अजूनही ते कसं चालतं हे मला कळलेलं नाही. चालतं एवढं खरं.

पंधरा दिवसांनी कंटाळून मी प्रश्नांच्या पानावर डोकावले. कुठल्याशा देशातल्या कुणीतरी विचारलं होतं की गोल काढायला गेलं तर लंबगोल होतो, काय करू? एवढं तर मला येत होतं! मी लिहिलं, माउस ओढताना कंट्रोलची कळ दाबून धर. तासाभराने त्या माणसाचं "झालं, झालं, धन्यवाद" आलं आणि मी खुर्चीतल्या खुर्चीत उडाले. आईला हाक मारून सांगितलं. आई कणीक मळता मळता म्हणाली, "वा! आता त्याला म्हणावं पोळ्या गोल कशा करायच्या ते आमच्या अनूला शिकव." तेव्हापासून मी रोज दोन-चार उत्तरं द्यायला लागले. कुणी नेमलेलं नव्हतं, कुणी हाकलतही नव्हतं. पाहुणी म्हणून आले आहे की घरची आहे तेच कळेना, तशी मी तिथे वावरायचे.

मग ते कपाट आलं. म्हणजे यायचं होतं. आईला स्वयंपाकघरात एक कपाट बसवायचं होतं आणि सुताराला दाखवायला नकाशा हवा होता. मी म्हटलं मी काढते. ओटा, खिडकी, आणि ओट्यामागे झाकला जाणारा कपाटाचा भाग तुटक रेषेने. जे समोरून दिसत नाही ते तुटक रेषेत दाखवायचं एवढं मी बाबांची मुलगी म्हणून शिकले होते. चौकातल्या फोटोकॉपीच्या दुकानातून प्रिंट काढून आणली आणि टेबलावर टाकली. जेवायला बसताना बाबांनी ती उचलली. मी आमटी वाढत होते. बाबांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आणि वर्षभरात ऐकला नव्हता अशा आवाजात विचारलं, "हे कोपरे कुण्या गाढवाने काढले?"

माझ्या हातातली पळी थांबली. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. मी म्हटलं, "कॉम्प्युटरने, बाबा." "मग तो कॉम्प्युटर गाढव आहे. हे बघ. तुटक रेष कोपऱ्यावर आली की दोन्ही बाजूंचे तुकडे एकमेकांना भिडले पाहिजेत. इथे कोपऱ्यात फट आहे. कोपरा कुठे आहे हे कामगाराला कळणार कसं? अंदाजाने कापेल तो! कोपरा बंद पाहिजे म्हणजे पाहिजे." त्यांनी डाव्या हाताने ताट बाजूला सारलं, खिशाचं पेन काढलं आणि प्रिंटच्या मागे दोन कोपरे काढले, एक चुकीचा, एक बरोबर. हाताने काढलेले, पट्टी नाही, काही नाही, आणि मी सांगते, इतके सरळ की मला माझ्या प्रिंटची लाज वाटली. "त्यांना सांग," ते म्हणाले. "कुणाला?" "ज्यांचा साहेब नाही, त्यांना."

दुसऱ्या दिवशी पहिल्या भोंग्याला बाबा उठले, दाढी केली, भांग पाडला, आणि बोर्डावरचे कपडे उचलून पलंगावर ठेवले. आईने ते पाहिलं. एरवी तिने घर डोक्यावर घेतलं असतं, आज मात्र ती कपड्यांचा ढीग उचलून आतल्या खोलीत घेऊन गेली. मग तीन दिवस घरात नवे आवाज होते. ब्लेडने पेन्सिल तासल्याचा, टी-स्क्वेअरची लांब पट्टी बोर्डाच्या कडेने सरकल्याचा, आणि खोडल्यावर कागदावरचे कण झाडायचा, बाबा त्याला एक छोटा ब्रश ठेवत. दुपारी आईने मुद्दाम वांग्याचं भरीत केलं, त्यांच्या आवडीचं, आणि ते गार झालं तरी कुणी तक्रार केली नाही. तिसऱ्या दिवशी शीट तयार झालं. बारा आकृत्या. दोन रेषा भेटतात तिथे काय व्हावं, तीन भेटतात तिथे काय, गोलाला रेष टेकते तिथे काय. उजव्या हाताला खाली पट्टी आखलेली, तिच्यात तीन रकाने : काढणारा, तपासणारा, मंजूर करणारा. पहिल्यात बाबांची बारीक इंग्रजी आद्याक्षरं. बाकी दोन रिकामे. मी म्हटलं, "तपासणारा म्हणून तुमचंच टाका ना." बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी देवघरात चपला घालून गेले आहे. "आपलं ड्रॉइंग आपण तपासायचं नसतं."

ते शीट मी दुकानात दोन तुकड्यांत स्कॅन करून घेतलं, चूक कळवायच्या पानावर टाकलं, खाली मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं की हे माझ्या वडिलांनी काढलं आहे. आणि वाट बघायला लागले. बाबाही. ते विचारायचे नाहीत, पण मी कॉम्प्युटर सुरू केला की वर्तमानपत्राचं पान उलटायचे थांबायचे.

पाचव्या दिवशी उत्तर आलं. लिहिणाऱ्याचं नाव थिसल, म्हणजे एक काटेरी रानफूल. तिथे सगळे असलीच टोपणनावं घेऊन वावरायचे. आईने नंतर विचारलं होतं, "मुलगा की मुलगी?" ते मला कधीच कळलं नाही, बाबा 'हा माणूस' म्हणायचे म्हणून मीही 'तो'च म्हणते. थिसलने पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की ही चूक नाही, प्रोग्राम ठरवल्याप्रमाणेच चालतो आहे, तुकडे रेषेच्या सुरुवातीपासून ओळीने मोजले जातात, कोपरा कुठे येतो ते बघितलं जात नाही. मी हे प्रकरण सध्या बंद करतो आहे. वर लाल अक्षरांत शिक्का, बंद. त्याच्याखाली एक ते बारा आकडे घालून लांबच लांब मजकूर होता. बाजू इतकी आखूड असेल की दोन तुकडे मावणारच नाहीत, तर? कोन फार उथळ असेल तर त्याला कोपरा म्हणायचं का? जुनी चित्रं उघडल्यावर बदललेली दिसतील त्याचं काय? मी तीन मुद्दे वाचले आणि पुढचं वाचवेना. माझे कान तापले होते. माझ्या बापाने तीन दिवस वाकून काढलेल्या कागदाला बारा नावं ठेवली होती या माणसाने, आणि वर दार लावून घेतलं होतं!

"काय म्हणाले?" बाबा माझ्या मागेच उभे होते. वाचायला चष्मा लागायचा त्यांना, आणि तो खिडकीत होता. मी पान मिटवलं आणि वळून म्हणाले, "मंजूर झालं, बाबा." हे शब्द कुठून आले मला माहीत नाही. मला वाटलं ते हसतील. ते म्हणाले, "काही दुरुस्ती?" "काहीच नाही. आहे तसं घेतलं." "एकही नाही?" "एकही नाही! खूप आवडलं त्यांना." बाबा म्हणाले, "बरं," आणि खुर्चीत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टी-स्क्वेअर कापडात गुंडाळून कपाटावर ठेवला. पेन्सिलींचा डबा बंद केला. मला काही कळेना. मंजुरी आल्यावर माणूस पेढे वाटतो, हे काय? मी स्वतःला समजावलं की त्यांचा विश्वास बसला नसेल, आणि मूर्खपणावर मूर्खपणा म्हणून एक सुंदर पत्र तयार केलं, इंग्रजीत, आपल्या बहुमोल योगदानाबद्दल वगैरे, वर त्या प्रोग्रामचं चिन्ह, चौकटीला वेलबुट्टी. दुकानातून छापून आणलं. बाबांनी ते हातात घेतलं, वाचलं, उलटून मागची कोरी बाजू बघितली, पुन्हा पुढची बघितली. मग पत्राची नीट घडी घालून माझ्याच हातात दिली. "ठेव तुझ्याकडे," म्हणाले. आठवड्याभरात बोर्डावर पुन्हा कपडे आले. माझा इतका गोंधळ उडाला होता की मला रागच यायला लागला, त्यांचा, थिसलचा, त्या कपाटाचा, सगळ्यांचा.

एका दुपारी मी आईसमोर बसून मेथी निवडत होते. बाबा बाहेर गेले होते, वाण्याकडे. मी आईला म्हटलं, "अगं, यांना झालंय काय? मंजूर झालं तरी तोंड पाडून बसलेत." आईने काड्या बाजूला केल्या. म्हणाली, "तुला मालूम नाही? तू तेव्हा परीक्षेत होतीस. शेवटच्या सहा महिन्यांत ह्यांची सगळी ड्रॉइंगं कोरी परत यायची." "कोरी म्हणजे?" "अगं, मिश्राजी होते ना, ते रेष न् रेष बघायचे. बरोबर असेल तिथे पिवळी पेन्सिल, चुकलं तिथे लाल. हे घरी येऊन सांगायचे, आज मिश्राने नऊ लाल काढले, साला सोडत नाही. शिव्या द्यायचे आणि खूश असायचे. मिश्राजी रिटायर झाले. नवीन साहेब आला. त्यानंतर ड्रॉइंग गेलं की दुसऱ्या दिवशी परत. ना पिवळं, ना लाल. नुसता मंजूरचा ठप्पा. ह्यांना आधी वाटलं, साहेबाचा आपल्यावर भरोसा आहे. मग एक दिवस कुणीतरी बोललं की कॉम्प्युटरवाले सगळं पुन्हा काढून राहिले आहेत. ह्यांचं कुणी बघतच नव्हतं, अनू. सहा महिने. बसवून ठेवलं होतं नुसतं." तिने पदराने नाक पुसलं. "त्याच आठवड्यात निवृत्तीचा कागद देऊन आले."

भूगोलाच्या पुस्तकावरचा तो पिवळा रंग माझ्या डोळ्यांपुढे आला. आहे तसं घेतलं, म्हणाले होते मी. एकही दुरुस्ती नाही. पत्राची मागची बाजू ते कशासाठी बघत होते तेही आत्ता कळलं. मी मायेपोटी खोटं बोलले, आणि त्यांना पुन्हा नेऊन त्या सहा महिन्यांत बसवून आले. रडू यायला हवं होतं, पण मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मला रडू येत नाही. मी उठले, थिसलचं उत्तर पूर्ण वाचलं, पहिल्यांदाच. शेवटी लिहिलं होतं : या आकृत्या मी दोन दिवस बघतो आहे. वरच्या बारा प्रश्नांची उत्तरं मिळाली तर प्रकरण पुन्हा उघडता येईल. तिथे ही ओळ दहा-बारा दिवस पडून होती.

मी तसेच पायांत चपला सरकवून चौकात गेले आणि त्याची प्रिंट काढून आणली. बाबा आले होते, पिशवीतून साबण, काडेपेटी काढून टेबलावर मांडत होते. मी कागद पुढे केला. "हे खरं उत्तर आहे. ते पत्र मी बनवलं होतं. मंजूर नाही झालं." बाबांनी हातातली काडेपेटी खाली ठेवली. "खोटं बोललीस?" "हो." "माझ्याशी?" मी मान खाली घातली. मला वाटलं ओरडतील, पण ते ओरडले नाहीत, त्यांचा चेहरा मात्र असा झाला की ओरडले असते तर बरं. "परत असं करायचं नाही," ते म्हणाले. "मला वाईट वाटेल म्हणून कुणी काही लपवायचं नाही. ते फार झालंय माझ्या बाबतीत." मग हात पुढे केला. "चष्मा दे."

त्यांनी ते उभ्यानेच वाचलं. एकदा वाचून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आई दारात येऊन उभी होती. सहाव्या की सातव्या मुद्द्यावर बाबा म्हणाले, "अरे!" मग म्हणाले, "हा माणूस बघतोय." मला म्हणाले नाहीत, आईलाही नाही. चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडे बघितलं तेव्हा डोळे भरलेले होते आणि आवाज मात्र एकदम ऑफिसचा. "डबा काढ. पिवळी आणि लाल, दोन्ही." आईने बोर्डावरचे कपडे इतक्या घाईने उचलले की एक उशीचा अभ्रा खालीच राहिला. बाबांनी थिसलचा कागद बोर्डावर चिकटपट्टीने लावला आणि मुद्देवार तपासला. बरोबर आक्षेपांवर पिवळी फिरवली, चुकीच्या आक्षेपांवर लाल. "पाच पिवळे, सात लाल," ते म्हणाले. "माणूस हुशार आहे, पण हाताने कधी काढलेलं दिसत नाही."

उत्तरं लिहायला मात्र आम्हाला तीन आठवडे लागले. बाजू आखूड असेल तर हात काय करतो? बाबांना सांगता येईना. "फटी जरा ओढून घेतो मी, तुकडा तसाच ठेवतो." "किती ओढता?" "बघून." "बघून म्हणजे किती, बाबा? त्याला आकडा लागतो!" मग ते पुन्हा काढायचे, स्वतःच्याच हाताकडे बघत, आणि मी पट्टी लावून मोजायचे. अठ्ठावीस वर्षं जे हात करत होता ते डोक्याला ठाऊक नव्हतं. बाबा गोंधळायचे, चिडायचे, "पूर्वी कसं काय येत होतं मला?" म्हणायचे, आणि दुसऱ्या सकाळी भोंग्याला बोर्डापाशी हजर. आई यायची-जायची, कधी गरम साबुदाण्याची खिचडी हातात द्यायची आणि म्हणायची, "ह्यांचं ऑफिस चालू होऊन राहिलं." बाबा म्हणाले, "होऊन राहिलं नाही, झालं." आईने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

पुढचे कित्येक महिने थिसल प्रश्न पाठवत राहिला आणि बाबा कागद. प्रकरण पुन्हा उघडलं, पुन्हा बंद झालं, आणखी दोघांनी त्यात उडी घेतली, त्यातला एक म्हणत होता याची गरजच काय, आणि बाबांनी त्याला लाल पेन्सिलीने असं काही धुतलं की मला ते सौम्य करून लिहावं लागलं. सौम्य केलं हे त्यांना सांगितलं मात्र. एकदा थिसलने विचारलं की तुमच्या कागदांवर हे पिवळं-लाल काय असतं? मी सगळं लिहून कळवलं : मिश्राजी, प्रिंटा, रकाने, आणि आपलं ड्रॉइंग आपण तपासायचं नसतं तेही. त्यावर काही उत्तर आलं नाही. मला वाटलं, फार घरगुती लिहिलं का मी?

मग नव्या आवृत्तीत ती सोय आली. एक छोटी खूण, ती लावली की तुटक रेषांचे कोपरे बंद होतात. आज कुणी ती वापरतं का मला माहीत नाही. मी वापरते. थिसलने तो प्रोग्राम पुढे केव्हातरी सोडला, कुठे गेला, कसा दिसायचा, म्हातारा होता की माझ्याएवढा, काही कळलं नाही. बाबाही आता नाहीत. त्या दोघांचं एकमेकांशी काय नातं होतं, त्याला काय म्हणायचं, हे मी खूपदा स्वतःला विचारलं आहे आणि दरवेळी अर्ध्यात सोडून दिलं आहे.

पण ती आवृत्ती यायच्या आदल्या आठवड्यातली सकाळ मला लख्ख आठवते. थिसलकडून निरोप आला, मजकूर काहीच नाही, फक्त एक फाइल. उघडली तर बाबांचं ते पहिलं शीट. कुणीतरी ते छापून घेतलं होतं, त्यावर खऱ्या पेन्सिलीने काम केलं होतं आणि पुन्हा स्कॅन करून पाठवलं होतं. एकूण एक रेषेवर पिवळी फिरवलेली, न कंटाळता, अकरा आकृत्यांवर, आकड्यांवर, अक्षरांवरसुद्धा. बाराव्या आकृतीत, गोलाला रेष टेकते तिथे, एक लाल गोल. आणि खाली पट्टीत, दुसऱ्या रकान्यात, तपासणारा म्हणून थिसलची आद्याक्षरं.

मी चौकातून प्रिंट आणली. रंगीत. बाबांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, त्या पिवळ्याकडे बघून ते काय म्हणतात म्हणून. पण ते पिवळ्याकडे बघतच नव्हते. त्यांचं बोट त्या एका लाल गोलावर होतं. "बरोबर आहे," ते म्हणाले, आणि कित्येक वर्षांनी मी त्यांना तोंडभर हसताना पाहिलं. "चुकलं माझं. पकडलं साल्याने!" आतून आईने हाक मारली, पानं वाढली आहेत म्हणून. बाबांनी पेन्सिल उचलली, टोक बघितलं, ब्लेड घेतलं.

"तुम्ही बसा," ते म्हणाले. "मला एक दुरुस्ती आहे."